ज्योतीविना जळणारा गॅस

बेंगळुरूबाहेर, आनेकलच्या अलीकडे असलेल्या एका चाचणीशाळेत घरी मराठी बोलणारी माणसं दोनच. शिवकुमार मोहिते पिढ्यान्‌पिढ्यांचे बेंगळुरूकर, आणि त्यांच्या हाताखालची प्रणिता निपाणीची.

शिवकुमारसरांनी उमेदीची वर्षं एकाच कामाला दिली होती. गॅस टर्बाइनमध्ये ज्योत न पेटवता इंधन जाळायचं. चिनीमातीची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. तिला आतून पॅलेडियम धातूचा पातळ लेप. हवा आणि गॅसचं मिश्रण तिच्यातून गेलं की लेपालगतच जळायचं. ज्योतीइतका ताप चढत नसल्यामुळे नायट्रोजनचे विषारी वायू जवळपास तयारच होत नसत.

त्या सकाळी एका वीज कंपनीचे पाहुणे चाचणी बघायला आले होते. धुरातल्या विषारी वायूंचे आकडे कधी नव्हे इतके खाली होते. तेवढ्यात जाळीच्या एका कोपऱ्यातलं तापमान चढू लागलं.

"सर, डावीकडचा कोपरा बघा," प्रणिता हळूच म्हणाली.

"स्वल्प थांब," सरांच्या मराठीत नेहमीसारखं कानडी मिसळलं. "येईल खाली."

"येत नाहीये, सर."

"पाहुणे आकडे बघताहेत. थोडं चालू दे."

तिने गॅस बंद केला. नुसती हवा घोंघावत राहिली. पाहुण्यांनी कॉफी घेतली, हात मिळवले आणि ते निघून गेले. 

यंत्र निवाल्यावर दोघांनी ते उघडलं. कोपऱ्यातली भोकं वितळून बुजली होती. सरांनी त्यावरून बोट फिरवलं.

"लेपच दगा देतोय," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी उगाच हट्ट केला."

प्रणिता गप्प राहिली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तिने जाळीच्या मागे बॅटरी धरली. तिथे गॅस आणि हवा मिसळणारा भाग होता, तिनेच बनवलेला. मग थंड हवेतच गॅस सोडून तिने मोजणी केली. त्याच कोपऱ्यात गॅस दाट जात होता.

"लेपाचा दोष नाही, सर. माझा मिक्सर चुकलाय."

सर स्टुलावर बसले. "म्हणजे बाकीची जाळी शाबूत आहे?"

"आहे."

"सरी, ठीक आहे. आता वीज कंपनीला फोन मी लावतो, बोलायचं तू."

ती बोलली. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्रांजळपणाबद्दल आभार मानले. पुढे त्यांच्या कंपनीने दुसऱ्याच तंत्राची निवड केली.

नव्या मिक्सरसह तशीच दुसरी जाळी अखेर शहरातल्या बेळ्ळंदूर भागात एका इमारतीतल्या छोट्या टर्बाइनमध्ये गेली. यंत्र सुरू झालं त्या दिवशी सर प्रणिताबरोबर गच्चीवर गेले. धुराड्यातून काहीच निघताना दिसत नव्हतं. खाली रिंग रोडवर गाड्या खोळंबल्या होत्या.

"दिसत काहीच नाही," सर म्हणाले. "कुणाला दाखवणार?"

प्रणिताने विषारी वायू मोजणाऱ्या मीटरची नळी धुराड्यात सोडली आणि आकडा स्थिरावायची वाट बघत उभी राहिली.