पत्र्याखालची हिरवळ

मित्रांनो, मी एक जुनी हिरवळ आहे, आणि अंगावर सावली पडली की आजही माझ्या पात्यांत कापरं भरतं. त्याचं कारण सांगते, ऐका.

नागपुरात मानेवाड्याच्या पुढे एक लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती आहे. तिथल्या देवळाशेजारचा मोकळा तुकडा म्हणजे मी. माझं कूळ साधं. शेतकऱ्याच्या वावरात मी हरळी, म्हणजे शिव्यांची धनीण. गणपतीपुढे मी दूर्वा. लेआउटच्या पाटीवर मी लॉन. देवरावजी नावाच्या गृहस्थांनी मला काटोलकडच्या आपल्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पोत्यात भरून आणलं आणि गाठीगाठीने इथं लावलं. त्यांची बायको यमुताई मागून बादली घेऊन फिरायची.

"जिचा नायनाट करता करता माझ्या सासऱ्याची हयात गेली, तिले इथं पाणी पाजून राहिले तुम्ही," ती म्हणायची.

"तिथं ती आगाऊ होती. इथं पाहुणी आहे," देवरावजी म्हणायचे.

पाहुणीचे फार लाड झाले. चातुर्मासात देवळातलं कीर्तन माझ्यावर होऊ लागलं. बुवा गळ्यात हार घालून उभे राहायचे, नत्थूजी मृदंगावर थाप मारायचे, आणि बायामाणसं माझ्यावर मांडी घालून बसायची. पूर्वरंगात निरूपण चालू असलं की लोक माझी पाती तोडत बसत. उत्तररंगात आख्यान रंगलं की त्यांचे हात थांबत. बुवांचं कीर्तन कसं झालं, ते मला माझ्या तुटलेल्या पात्यांवरून कळायचं. "काय गालिचा आहे जी तुमच्याकडे," असं पाहुणे बुवा म्हणाले की माझ्या अंगावरून वाऱ्याची लाट जायची.

मग देवरावजी वारले.

त्यांच्या आठवणीत काहीतरी चांगलं करावं, असं यमुताईच्या मनात आलं. पावसानं कीर्तन मोडायचं, म्हातारी माणसं भिजायची. तिनं माझ्यावर लोखंडी सांगाडा उभारून फायबरचे पत्रे टाकले. पुढच्या खांबावर देवरावजींचं नाव रंगवलं. त्या वर्षी एकही कीर्तन मोडलं नाही. सगळे खूश होते. मीही.

पण मित्रांनो, पत्र्यानं पावसाबरोबर ऊनही अडवलं. रोजच्या बसण्यानं माझी काळी माती दगडासारखी दबली. पत्र्यांच्या कडेवरून पडणारं पाणी आणि शेजारच्या कूलरांचं पाणी मधल्या खोलगट भागात साचू लागलं. मी पिवळी पडले, मग विरळ झाले. जिथं मी जागा सोडली तिथं शेवाळ आलं. दुरून तेही हिरवंच दिसतं, म्हणून कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही की मी मरते आहे. माणसं माझ्या जागेकडे पाहून म्हणायची, "यंदा मस्त हिरवं आहे." मला ओरडता येत नाही.

लक्षात आलं ते श्रावणात. नत्थूजी मृदंग घेऊन येत होते. शेवाळावर पाय गेला आणि ते उताणे पडले. मृदंग वाचला, मनगट मोडलं. ज्या हाताच्या तालावर मी वर्षानुवर्षं डोलले, तो हात माझ्या अंगावर मोडला. त्या दिवसापासून माझ्या मुळांना चैन नव्हतं.

लोकांनी चुना फेकला. शेवाळ काळं पडलं आणि पुढच्या झडीत पुन्हा उगवलं. चुन्यानं पोळली ती माझी उरलीसुरली मुळं. मग लेआउटचे सचिव रुपरावजी यांनी ठरवलं की मला खरवडून गट्टू बसवायचे. सिमेंटचे गट्टू, ते जाड ठोकळे, आले आणि माझ्या काठावर रचले गेले. पोळा झाला की काम सुरू. मी रोज त्या ढिगाकडे पाहायची. एकेक गट्टू माझ्या छातीवर कसा बसेल, याचा विचार करत राहायची.

वैशाखातल्या वावधनात, म्हणजे वादळात, एक पत्रा उडाला होता. गट्टू बसायच्या आधी तिथं नवा लावून घ्यावा म्हणून रुपरावजी शिडी घेऊन आले. त्या भोकाखाली पाऊस पडायचा म्हणून तिथं कुणी बसत नसे. शिडीला जागा करायला यमुताईनं शेजारची खुर्ची सरकवली आणि ती खालीच बसली.

"नत्थू भाऊ, इकडं या बरं."

नत्थूजी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आले. पाहतात तर सुपाएवढ्या जागेत मी होते. दाट, गर्द, जशी पूर्वी होते तशी. नत्थूजींनी डाव्या हातानं मला धरून ओढलं. मी सगळ्या मुळांनी माती धरून ठेवली.

"हे तं निंघत नाही गा," ते म्हणाले.

यमुताईनं वर पाहिलं. भोकातून ऊन सरळ तिच्या तोंडावर पडत होतं. तिनं भोवतालचं शेवाळ हातानं चाचपलं. मग म्हणाली, "रुपरावजी, पत्रा लावू नका. बाकीचेही काढा."

"काहून? देवरावजीच्या नावाचा मांडव आहे तो."

"नाव त्याईचं खांबावर आहे. हात त्याईचा हिच्यात लागला होता. मीच झाकून टाकलं."

रुपरावजी शिडीवरच थांबले. "अन् पाणी आलं तर कीर्तन कुठं करता?"

"पार्किंगमध्ये, टिनाच्या शेडखाली."

"बुवा काय स्कूटरीयले निरूपण सांगतीन?"

"स्कूटरी कीर्तनात घोरत तं नाही ना," नत्थूजी म्हणाले. "तुमच्यापेक्षा बरा श्रोता."

रुपरावजी हसले, पण ऐकणारे नव्हते. "नत्थूजी, आज तुम्ही पडले, उद्या दुसरं कोणी पडंन. जबाबदारी माझ्यावर येते. दसऱ्यापर्यंत पाहतो. तोपर्यंत नीट झालं नाही, तं गट्टू बसतीन. मग कोणी मले बोलायचं नाही."

पत्रे उतरले. माझ्यावर ऊन पडलं आणि आधी ते मला सोसवेना. यमुताईनं खुरपीनं शेवाळ खरवडून टोपल्या भरल्या. कडेची तुंबलेली नाली मोकळी केली, कूलरांच्या नळ्या तिकडे वळवायला लावल्या. सबलीनं, म्हणजे पहारीनं, माझ्या दबलेल्या मातीत भोकं पाडली आणि त्यांत कन्हान नदीची रेती न् शेणखत भरलं. बायका जाता-येता म्हणायच्या, "यमुताई, दुसरी हिरवळ आणून अंथर वं, तयार मिळते." ती मान हलवायची आणि खाली वाकायची.

मग एका सकाळी ती खुरपी घेऊन माझ्या त्या सुपाएवढ्या तुकड्याकडे आली. माझं जे काही जिवंत होतं ते तेवढंच होतं. तिनं तेच खणायला घेतलं. मित्रांनो, माझा धीर सुटला. हिलाही माझा कंटाळा आला, असं वाटलं. तिनं माझ्या फांद्या गाठीगाठीने तोडल्या, बोटानं रेतीत भोक पाडून एकेक गाठ पुरली आणि तोंडानं नामस्मरण चालू ठेवलं. मी एकीची अनेक झाले, पण त्यातली कोणती जगेल हे मलाच ठाऊक नव्हतं. काही गाठी सुकल्या. काही कुजल्या. ज्या जगल्या त्यांनी एकमेकींकडे सरपटायला सुरुवात केली. माझ्यावर पाय पडू नये म्हणून तिनं दोरी बांधली होती. कीर्तन पार्किंगमध्ये होत होतं, मला नुसता आवाज यायचा. नत्थूजींच्या जागी दुसरंच कुणी वाजवायचं आणि समेवर चुकायचं.

दसरा आला. मी पूर्ण भरले नव्हते. मधे मधे काळी माती दिसत होती. रुपरावजी येऊन उभे राहिले. त्यांनी गट्टूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अर्धीच आहे," ते म्हणाले.

यमुताई दोरीपाशी उभी होती. तिचे हात पदरात गुंडाळलेले होते.

एवढ्यात नत्थूजी आले. प्लास्टर निघालं होतं. त्यांनी चपला काढल्या, दोरी ओलांडली आणि जिथं पडले होते तिथून चालायला लागले. पहाटे दव पडलेलं होतं. माझी प्रत्येक गाठ मातीला घट्ट धरून होती. आज हे पुन्हा घसरले तर मला कुणी वाचवणार नाही, आणि वाचवूही नये, असं माझ्या मनात आलं. त्यांनी एक पाय टेकवला. मग दुसरा. मधोमध थांबले, टाच रोवून दाबून पाहिली आणि पलीकडे गेले.

"घसरत नाही," ते तिथून म्हणाले.

रुपरावजींनी खाली वाकून दोरी जरा ताणली, सैल झाली होती ती. "गट्टू पार्किंगमध्ये बसवून घेऊ," ते म्हणाले. "तिथं लय चिखल होते."

आता मी भरून आले आहे. पण पुन्हा आषाढ जवळ आला आहे, आणि कुणीतरी सतरंज्या झटकायला काढल्या की मला धडकी भरते. मित्रांनो, माझ्यावर बसा. माझं आयुष्य तुमच्या बसण्यासाठीच आहे, आणि कीर्तनाचा नाद मलाही आहे. फक्त एवढं ऐका. ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे, त्याच्यावरून मधूनमधून उठत जा.