हजेरीकडे जाणारी रेघ

“बघा भाभी, परत अडला,” केसरीनाथ शेठ म्हणाले. “गाडी भरून उभी हाय, ड्रायव्हर उभा हाय, आन् ह्यो म्हणतो पास न्हाय.”

साजिदाने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. ‘पास तयार नाही’ एवढंच आलं होतं; पासाशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडत नसत. टेबलावरचा पंखा कॉम्प्युटरकडे तोंड करून चालू होता.

“मशीन तापलं का असं करतं. महमूदभाई पंखा लावायचे. म्हणायचे, शेठ, दोन-चार तासांनी होईल. आन् व्हायचा बी.”

महमूद तिचा नवरा. काल्हेरच्या या कापडाच्या गोदामाचा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता. पावसाळ्यात कावीळ झाली आणि तो गेला. नवऱ्यामागे घरात राहायची चार महिन्यांची इद्दत संपवून साजिदा भिवंडीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पुन्हा शिकवायला लागली, तेव्हा शेठनी बोलावणं धाडलं. दोन हजार साल तोंडावर आलं होतं, त्या धास्तीने सगळीकडे जुने प्रोग्राम बदलत होते. ठाण्याची एक कंपनी जुनं सगळं काढून नवं बसवायला तयार होती. हा दोष सापडला तरच महमूदचा प्रोग्राम राहणार होता.

तिने क्लासमधून आणलेली सीडी घातली. त्यातलं सॉफ्टवेअर कोड वाचून त्याचा नकाशा काढी: प्रोग्रामच्या प्रत्येक भागाची एक चौकट, आणि कोणता भाग कोणाला विचारतो त्याची रेघ. हळूहळू पडदा चौकटींनी भरला. रेघांवर रेघा चढल्या.

“ह्ये त गुंतलेलं सूत झालं,” शेठ म्हणाले आणि बाहेर गेले.

हे सगळं महमूदच्या डोक्यात होतं. घरी तो बोंबील ताजे होते की नव्हते, एवढंच बोलायचा. हे बघताना काहीतरी वाटेल, असं तिला येताना रिक्षात वाटलं होतं. काही वाटलं नाही. माउसने ती एकेक चौकट बाजूला सरकवत राहिली. बिलं, भाडं, माल, नको ते लपवलं. ‘गेटपास’ची चौकट मधे ठेवली. तिच्यापासून गाडीकडे रेघ जात होती, मालाकडे जात होती. आणि एक हजेरीकडे.

पासाला हजेरी कशाला हवी?

तिने तिथला कोड उघडला. ड्रायव्हर परत येऊन आठ तास झाले नसतील तर पास द्यायचा नाही. बस, इतकंच.

तिने शेठना बोलावलं आणि रेघेवर बोट ठेवलं. “बिघाड नाही, शेठ. त्यांनी मुद्दाम घातलंय. ड्रायव्हरची झोप झाली नसेल तर पास निघत नाही.”

“आन् पंखा?”

“पंख्याचा काही संबंध नाही.”

शेठ खुर्चीत बसले. “बाळाराम,” ते म्हणाले.

बाळाराम त्यांचा ड्रायव्हर. कसाऱ्याच्या घाटात चालवताना डोळा लागला. प्रेताची ओळख पटवायला शेठ आणि महमूद गेले होते. त्या दिवशी महमूद घरी आला, पाय धुतले आणि न जेवता झोपला. तिनेही विचारलं नव्हतं.

“मला सांगायचं व्हतं,” शेठ म्हणाले.

“तुम्ही ऐकलं असतं?”

शेठ उठले. म्हणाले, “सीझन हाय. काढून टाका ते.”

“बरं.”

दुपारभर ती कोडवर बसली. डबा उघडायचं राहून गेलं. काम झाल्यावर तिने शेठना सांगितलं, “आता अडणार नाही. पण ड्रायव्हर कधी परत आला ते पासावर छापून येईल. आठ तास झाले नसले तर खाली तुमची सही लागेल.”

“माझी?”

“कुणाची तरी लागेलच ना.”

प्रिंटर कुरकुरला. पास निघाला. रघू ड्रायव्हर आत आला. त्याचे डोळे तांबारले होते.

“द्या शेठ. मालेगावच त हाय.”

शेठनी पेन उघडलं. कागद वाचला. पुन्हा वाचला.

“जेवलास?”

“न्हाय अजून.”

“जेव. आन् झोप.” शेठनी पेनाला टोपण लावलं.

“मालेगावची पार्टी बोंबलंल.”

“बोंबलू दे.”

साजिदाने नकाशा बंद केला, सीडी पर्समध्ये ठेवली. शेठ तिच्याकडे न बघता म्हणाले, “ठाणेवाल्यांना नको सांगतो.” तिने मान हलवली.

बाहेर भरलेली गाडी तशीच उभी होती. रघू केबिनमध्ये आडवा होऊन झोपला होता, उघड्या दारातून त्याचे धुळीचे पाय बाहेर आले होते. साजिदाच्या चपला फरशीवर वाजत होत्या. तिने त्या काढून हातात घेतल्या आणि गाडीला वळसा घालून रस्त्याकडे चालू लागली.