फुल्यांची वही

‘वाणी शुद्ध, तरच समाज जिवंत! यापुढे शिवी देणाऱ्यास ग्रुपमधून तत्काळ काढले जाईल,’ असा फतवा श्रीपाल मगदूमांनी राजारामपुरीतल्या गॅलरीत बसून काढला, आणि मिनिटाच्या आत निवृत्त ड्रायव्हर सयाजीचं उत्तर आलं, ‘आयला, साहेबांनी पेन्शनीतबी मेमो काढला की!’

‘आयला’ ही शिवी धरावी की उद्गार, यावर मगदूमांनी दोन दिवस विचार केला.

एसटीत ते वाहतूक नियंत्रक होते. ड्रायव्हर-कंडक्टरांची भांडणं वहीत नोंदवायची आणि शिवीच्या जागी फुल्या मारायच्या, यात हयात गेली. निवृत्तांच्या ग्रुपचे ॲडमिन झाल्यावरही वही सुटली नव्हती. फतवाही उगाच नव्हता. ऑफिसातल्या रोहिणीताई ‘असल्या भाषेत आम्ही बायकांनी काय बोलायचं?’ म्हणून ग्रुप सोडून गेल्या होत्या.

गुरुवारी सकाळी कंडक्टर उदयसिंह गेला. ग्रुपवर एकेचाळीस वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली. एकानं चुकून केकचं चित्रही टाकलं. मग सयाजी आला.

‘उदया रांडच्या, अठरा वर्षं तू डबल बेल दिल्याबिगर मी गाडी हलवली न्हाय. आज बेल न देता एकटाच निघालास व्हय, भाड्या?’

मगदूमांनी शिव्यांच्या जागी फुल्या मारून मजकूर वहीत उतरवला, मेसेज पुसला आणि सयाजीला काढला.

‘साहेब, मयताच्या दिवशी माणूस काढता व्हय?’ कुणीतरी लिहिलं.

‘नियम सर्वांना सारखा,’ मगदूमांनी उत्तर दिलं. दुपारी जेवण मात्र गेलं नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. उदयसिंहची बायको, शालूबाई.

“साहेब, सयाजीभावजींनी ह्यांच्यावर कायतरी लिवलंतं म्हनं. पोरगं ह्यांच्या मोबाइलवर निम्मं वाचस्तवर पुसलं गेलं की ते.”

“ते... नियमात बसत नव्हतं, वहिनी.”

“भावजींना फोन लावला, तर ते नुसतंच रडाय लागल्यात. तुमच्याकडं हाय का?”

मगदूमांनी वही काढली. “उदया, फुली फुली फुली, अठरा वर्षं तू...”

“फुली काय?”

“तेवढं गाळलंय.”

“गाळू नगा. घरात येनारी सगळी ह्यांना ‘कैलासवासी’ म्हन्त्यात. कोन गेलंय तेच कळंना झालंय मला. भावजी दारातनं हाक मारायचे, तसं वाचा.”

मगदूमांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. खाली क्लासची मुलं सायकली काढत होती. अडुसष्ट वर्षांत ओठांवर न आलेले दोन शब्द त्यांनी जागच्या जागी घातले आणि पहिल्यापासून सगळं वाचलं. शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

मगदूमांना वाटलं, आपण घोर पाप केलं. मग वाटलं, की आजवर वहीत लिहिलेल्यातलं हे एकच खरं होतं.

“वहिनी?”

शालूबाईंनी नाक ओढलं.

“साहेब, जरा मोठ्यानं म्हना की. सासूबाईंस्नी ऐकू आलं न्हाय.”