तीनदा हो

त्वान मावशीने 'नंतर आठवण करा' असं लिहिलेल्या बटणावर टिचकी मारली आणि पडद्यावरची निळी चौकट गेली. गेले तीन आठवडे ती चौकट रोज दोनदा उगवायची आणि मावशी तिला रोज दोनदा माशीसारखी हाकलायची.

"मावशी, आज तरी होऊन जाऊ दे," शेजारच्या खुर्चीतून निंग म्हणाली. "तासाभराचं तर काम."

"मला कामं आहेत."

"खिडकीवर तर कुणीच नाही."

"म्हणून काय झालं? येतील."

मावशीने खणातल्या पेन्सिली काढल्या आणि एकेकीला टोक करायला घेतलं. टोकं सगळ्यांना होतीच.

समुद्रकाठच्या त्या गावातल्या समुद्रावर गेलेल्यांना सांभाळणाऱ्या माझू आईच्या देवळात, नावनोंदणीच्या खिडकीमागे मावशी सव्वीस वर्षं बसत होती. नवं वर्ष लागायच्या आधी लोक घरातल्या प्रत्येकाच्या नावाने आईपुढे दिवा लावतात. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, पत्ता, सगळं लिहून घ्यावं लागतं. ते सगळं एका जुन्या प्रोग्रामात होतं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तो ज्याने लिहिला, तो आधीच्या अध्यक्षांचा भाचा आता बदकं पाळायचा आणि फोन उचलायचा नाही. त्यामुळे कुठली दोन बटणं एकदम दाबायची आणि कुठलं चुकूनही दाबायचं नाही, हे साऱ्या गावात एकट्या मावशीला ठाऊक होतं.

नोंदणीच्या दिवसांत फोन सतत वाजायचा. "मावशी, तैचुंगहून बोलतेय. घरातले सगळे गेल्या वर्षीसारखेच, फक्त एक नात वाढली," एवढं कुणी म्हटलं की मावशी फोन खांद्यात अडकवायची, दोन बटणं दाबायची, की अख्खं घर पडद्यावर हजर. कुणाचा जावई गेला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं तिला आईच्या बरोबरीने कळायचं. निंगने आणलेल्या नव्या प्रोग्रामात लोक आपापल्या मोबाइलवरच नावं भरणार होते. मग मावशीला फोन कोण करणार?

पण तो नवा प्रोग्राम जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नव्हता. आधी ती अपडेट करा, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा अपडेट केलं की मावशीचा जुना प्रोग्राम पुन्हा कधीच उघडणार नव्हता. नावं सगळी नीट उतरवून घेता येतील, असं निंग पुन्हा पुन्हा सांगत होती. नावांची काळजी मावशीलाही फारशी नव्हती.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे तिला धड माहीत नव्हतं आणि त्याचं दुःखही नव्हतं. तिच्या डोळ्यांत सलत होती ती निंग. मासळीचे गोळे विकणाऱ्या म्हातारीची ही नात सहा वर्षं ताइपेइत नोकरी करून वसंतात गावी परतली, आणि खो अध्यक्षांनी तिला 'मावशीच्या मदतीला' म्हणून आणून बसवली. मदत कुणी मागितली होती? तेव्हापासून लिम आजी पेरूच्या फोडी आणायची त्या आधी निंगच्या टेबलावर ठेवायची. देवळात झाडलोट करणारी ऐंशीची बाई, तिला काय बोलणार! पण वीस वर्षं त्या फोडी आधी मावशीपुढे येत होत्या. खो अध्यक्ष तर निंगच्या साध्या बोलण्यालाही पोट धरून हसायचे. हेही मावशीने गिळलं असतं. आईच्या जन्मदिवसाआधी मुकुटाचे मणी पुसायचं काम मात्र तिच्या एकटीचं होतं, आणि या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "निंगला करू द्या, तिचा हात हलका आहे." त्या दिवशी मावशी घरी जाऊन जेवली नाही. नवऱ्याने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाली. पोट ठणठणीत होतं.

दुपारी देवळाच्या मंडळाची बैठक बसली. दहा जण होते. पाच म्हणाले अपडेट करा, पाच म्हणाले सव्वीस वर्षं चाललंय त्याला हात लावू नका. खो अध्यक्षांना कुणाचीच नाराजी नको होती. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"आपण कशाला भांडायचं? दिवे आईचे, कॉम्प्युटर आईचा. तिलाच कौल लावू."

हे सगळ्यांना पटलं. देवळाचं छप्पर कुठल्या महिन्यात उतरवायचं इथपासून मोरीत कुठली फरशी घालायची इथपर्यंत सगळं आईला विचारूनच होत आलं होतं.

कौलाच्या फाका दोन असतात. लाल रंगवलेल्या, लाकडी, चंद्रकोरीच्या आकाराच्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आली की आई हो म्हणाली. दोन्ही फुगीर वर आल्या की नाही. दोन्ही सपाट आल्या तर आई नुसतीच हसली, पुन्हा नीट विचारायचं. मोठ्या कामाला सलग तीनदा हो लागतो.

"प्रोग्राम निंगने आणलाय, निंगच विचारू दे," कुणीतरी म्हणालं.

निंग गुडघ्यांवर बसली. डोळे मिटून तिने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, प्रश्न विचारला आणि फाका टाकल्या. दोन्ही सपाट. तिने पुन्हा टाकल्या. पुन्हा दोन्ही सपाट.

"हसतेय," लिम आजी म्हणाली. "काय गं, पत्ता कुठला दिलास?"

"माझा... ताइपेइचा. सवयीने आला तोंडात."

"बघा! अगं, ती खोली सोडून सात महिने झाले तुला. आईने काय तिथे अकरा मजले चढून जायचं?"

सगळे खो खो हसले. निंग कानांपर्यंत लाल झाली. मावशीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला खोकावं लागलं.

"त्वान ताई, आता तुम्ही लावा," खो अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही तिच्या घरच्या."

'घरच्या' हा शब्द मावशीच्या जिवाला फार बरा वाटला. ती सावकाश पुढे गेली, पदर नसला तरी स्वेटर पदरासारखा नीट केला आणि गुडघे टेकले. वर आईचा चेहरा धुराने काळा झालेला, त्यावर मोत्यांची झालर हलत होती. निंगने पुसलेले मणी. चकाकत होते मेले.

मावशीने नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला. पुढचं तिने नेहमीप्रमाणे मनातच ठेवलं, नुसते ओठ हलले.

सरळ विचारायचं तर काम सोपं होतं. सलग तीनदा हो सहसा येत नाही, हे तिने सव्वीस वर्षं पाहिलं होतं. 'अपडेट करू का' असं विचारलं असतं तर दुसऱ्या नाही तर तिसऱ्या खेपेला नकार आलाच असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तो नकार कॉम्प्युटरला झाला असता. त्यात मावशीला काय मिळालं असतं? तिला आईच्या तोंडून ऐकायचं होतं. सात महिने तिच्या घशाशी एकच गोष्ट अडकली होती, आणि आता आई समोर होती, फाका हातात होत्या.

आई, तिने मनात विचारलं, तुला जवळची कोण, मी की ही पोर? मी असेन तर तीनदा हो म्हण.

फाका पडल्या. एक सपाट, एक फुगीर.

मागे कुजबुज थांबली. मावशीने फाका उचलल्या. पुन्हा टाकल्या. एकीने फरशीवर गिरकी घेतली, कलंडली, आणि सपाट बाजू वर करून पडली. दुसरी फुगीर.

"दोन झाले," लिम आजी पुटपुटली.

तिसऱ्या खेपेला मावशीने डोळेच मिटून घेतले. लाकूड फरशीवर वाजलं आणि मागून दहा माणसं एकदम ओरडली. तिने डोळे उघडले. हो. तिसऱ्यांदा हो.

मावशीच्या डोळ्यांना धारा लागल्या. तूच, तूच, तूच, असं कुणीतरी कानात म्हणावं तसं तिला झालं. सव्वीस वर्षांत आईने तिला इतकं स्पष्ट कधी काही सांगितलं नव्हतं.

"झालं!" खो अध्यक्षांनी टाळी वाजवली. "आईने परवानगी दिली. निंग, करून टाक तुझं अपडेट."

मावशी गर्रकन वळली. परवानगी? कसली परवानगी? तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. सांगायचं तर काय विचारलं तेही सांगावं लागलं असतं. दहा जणांपुढे. आणि त्या पोरीपुढे. तिने तोंड मिटलं.

"आणि ताई तर विरोधात होत्या!" अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते. "तरी किती मनापासून विचारलं, पाहिलंत? डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. याला म्हणतात मोठं मन."

त्या घटकेला मावशीचं मन भुईमुगाच्या दाण्याएवढं होतं, पण काठोकाठ भरलेलं होतं.

मंडळी चहाकडे वळली. निंग कॉम्प्युटरकडे गेली आणि मावशी तिच्या मागे गेली. पडद्यावर एक पांढरं वर्तुळ फिरू लागलं, खाली आकडे वाढू लागले. दोन टक्के. पाच टक्के. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं शेवटची कधी पाहिली, ते मावशीला आठवेना. सकाळी बहुतेक. फोन टेबलावर गप्प पडला होता.

"वाईट वाटतंय, मावशी?"

"आईनेच सांगितल्यावर वाईट काय वाटायचंय?"

निंग वर्तुळाकडे बघत म्हणाली, "मला दोनदा हसली. तुम्हाला सलग तीनदा हो. काय म्हणालात तुम्ही तिला?"

"विचारायचं होतं तेच."

"पण कसं? शब्द कुठले?"

"ते काय सांगायचं असतं होय!"

"नाही, सहज विचारलं." निंग हसली, पण हसणं ओठांवरच राहिलं. "तुमचंच ऐकते ती. माझी आजी म्हणतेच, त्वानचं ऐकते. मी कितीही केलं तरी मी बाहेरचीच."

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. खालचा ओठ दातांत धरलेला, नजर भलतीकडे. हे तोंड मावशीच्या चांगलं ओळखीचं होतं. सात महिने रोज सकाळी ते आरशात तिच्याकडे बघत होतं. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला ही पोर आवडली. इतकी की तिने आपल्या फोडींची बशी तिच्याकडे सरकवली.

"खा. दुपारपासून काही खाल्लं नाहीस."

निंगने फोड घेतली नाही. पडद्यावर अकरा टक्के झाले होते. ती उठली, गाभाऱ्यासमोर गेली आणि चौरंगावरच्या फाका उचलल्या.

"आता काय विचारतेस?" मावशी खिडकीतून म्हणाली.

"काही नाही. माझं आपलं खासगी."

"अपडेटचं तर झालं ना?"

"अपडेटचं नाही, मावशी."

निंग गुडघ्यांवर बसली. नाव तिने मोठ्याने सांगितलं, पत्ताही या वेळी आजीच्या घराचा सांगितला, मासळी बाजाराच्या मागचं दुसरं घर. पुढचं काहीच ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले. फार वेळ हलले. मग तिने फाका टाकल्या.

एक सपाट, एक फुगीर.

मावशी खुर्चीवरून अर्धी उठली. निंगने मागे वळून पाहिलं नाही. फाका गोळा केल्या, कपाळाला लावल्या, पुन्हा टाकल्या. पुन्हा एक सपाट, एक फुगीर.

तिसऱ्यांदा निंगचे हात वर गेले तेव्हा मावशीने तोंड फिरवलं. कान काही फिरवता आले नाहीत.