बेसवरचे कॉर्ड

"काका, वायर नको," आमोद म्हणाला. "गिटार नुसती गळ्यात असू दे."

मच्छिंद्र वायरीचं वेटोळं सोडवत होता, तो थांबला. "वायर नको म्हणजे?"

"बेस ट्रॅकवर घेतलाय. लॅपटॉपवरून येईल. तुम्ही उभं राहायचं आणि बोटं हलवायची. स्टेज भरलेलं दिसतं."

आमोदनं बटण दाबलं. तालमीच्या खोलीत बेस गिटारचा खर्ज घुमला आणि दोन ओळींतच मच्छिंद्रला कळलं, हा आपलाच हात आहे. वरच्या सुराकडे जाताना जरा उशिरा घसरणारं बोट त्याचंच होतं. गेल्या महिन्यात सरावासाठी म्हणून आमोदनं त्याच्याकडून बारा गाणी वाजवून घेतली होती; तीच त्यानं रेकॉर्ड करून ठेवली होती.

"हे मी वाजवलंय."

"मग तुमचंच वाजतंय ना? दुसऱ्याचं थोडंच लावलंय?"

मच्छिंद्र छप्पन्न वर्षांचा. पहाटे कसबा पेठेतले पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि संध्याकाळी या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा, अशी त्याची तीस वर्षं गेली होती. आमोदच्या वडिलांनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हापासून तो मागच्या रांगेत होता. लोक गायकाकडे बघतात, याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण स्वतःच्याच वाजवण्यापुढे बाहुल्यासारखं उभं राहायचं?

घरी तो ताटावर बसला आणि बायकोवर, कांताबाईंवर, खेकसला, "भाजीत मीठ घालायची पद्धत आहे की नाही?"

"आहे. घातलंय," त्या म्हणाल्या. "ज्याचा राग आलाय, त्याच्यावर काढा."

पुढचे चार दिवस तो खोलीत बसून कॉर्ड वाजवत राहिला. एका वेळी एकच सूर हे बेसचं काम. कॉर्ड म्हणजे अनेक सूर एकदम; ते वाजवायचे साध्या गिटारनं. तालमीत त्यानं कधी दोन-तीन सूर एकत्र छेडले की आमोद हात वर करायचा, "काका, चिखल करू नका." खालच्या पट्ट्यांवर चिखल होतो, हे खरंच होतं. पण जाड तारेवर मूळ सूर धरून, मधल्या दोन तारा सोडून, वर बारीक तारेवर त्याच्याशी जुळणारा सूर दाबला की आवाज स्वच्छ यायचा. हे मच्छिंद्रनं स्वतः शोधलं होतं. ऐकवायला कुणी नव्हतं.

रविवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात निवृत्त शिक्षकांचा मेळावा होता. मच्छिंद्र वायर न लावता सात गाणी उभा राहिला. बोटं त्यानं हलवली नाहीत. तिसऱ्या रांगेतून कांताबाई बघत होत्या.

आठवं गाणं श्यामलाबाईंचं, संथ. बाई ऑर्केस्ट्राच्या सर्वांत जुन्या गायिका. त्यांचा घसा सकाळपासून बसला होता.

"आमोद, एक सूर खाली घे रे. आज वरचा लागायचा नाही."

"आता ऐन वेळी ट्रॅक बदलता येणार नाही, बाई. ओढून गा."

हा जन्मायच्या आधीपासून गाणाऱ्या बाईला हा सांगतोय, ओढून गा! मच्छिंद्रची कानशिलं तापली. त्यानं पिशवीतून वायर काढली, खटकन स्पीकरच्या पेटीत घातली.

"बाई, खालून घ्या."

"साथीला कोण?"

"मी आहे."

पहिला कॉर्ड रागानं इतका जोरात बसला की तार फडफडली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कान झाकला. मच्छिंद्रनं हात वर सरकवला, बोटं सैल केली. दुसरा कॉर्ड उमटला, स्वच्छ. तिसऱ्यावर बाईंनी ओळ उचलली. ट्रॅक लावला तर सूर जुळणार नव्हते; विंगेतून आमोद नुसते हातवारे करत होता. मच्छिंद्रनं तिकडे पाठ केली. संपूर्ण गाणं फक्त त्या दोघांचं झालं. टाळ्या पडल्या तेव्हा बाईंनी त्याच्याकडे हात केला.

विंगेत आमोद वाट बघत होता. "झालं समाधान? उद्यापासून येऊ नका."

"येत नाही. माझी बारा गाणी पूस. आत्ता, माझ्यासमोर."

"आणि मग पुढचे कार्यक्रम काय तोंडानं करू?"

"कसेही कर! माणूस नको आणि त्याचा हात पाहिजे?" मच्छिंद्रचा आवाज पडद्याबाहेर गेला.

"पूस रे, आमोद," श्यामलाबाई म्हणाल्या.

आमोदनं लॅपटॉप मिटून काखेत घेतला. "गाणी ऑर्केस्ट्राची आहेत," म्हणाला आणि निघून गेला.

मच्छिंद्र पार्किंगमध्ये आला. किल्ली स्कूटरच्या कुलपात जाईना. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा खाली पडली. कांताबाईंनी ती उचलली.

"पुसणार नाही का तो?"

"नाही."

त्यांनी पदर खोचला, स्कूटर स्टँडवरून काढली आणि सुरू केली.

"मागे बसा. गिटार नीट धरा," त्या म्हणाल्या.