पान दोनशे चौदा

"मी सांगत नाही, पान सांगतंय! उघडा दोनशे चौदा!" चौकातल्या ओट्यावरून प्रचारक ओरडला आणि शंभरेक पुस्तकं एकदम फडफडली.

महानेत्यांचं हे पुस्तक निघून दहा वर्षं झाली होती. लग्नात आहेर म्हणून यायचं, कपाटावर ऐटीत बसायचं. घरोघर होतं, वाचलं मात्र कोणी नव्हतं. आज सगळे त्यावर बोट फिरवत होते: 'दहाव्या वर्षी नदीवरचा मोठा पूल कोसळेल. त्यामागे ज्यूंचा हात असेल.'

पूल पडून दोन महिने झाले होते. एकोणीस माणसं गेली होती.

"दहा वर्षं आधी लिहून ठेवलंय हो!" न्हावी त्या ओळीवर बोट दाबून म्हणाला.

"अहो, महानेत्यांना उद्याचं कालच दिसतं!" प्रचारकाने छातीवर हात ठेवला. "आता ओळखा, आपल्या गल्लीत कोण राहतं ते!"

गल्लीत काका राहत होते. गावातले सगळ्यात जुने बाइंडर, आणि ज्यू. त्यांच्या खिडक्या फुटल्या तेव्हा समोरच्या बांधणीच्या दुकानाच्या दारात धाकटी उभी होती; दुकान तिचं आणि तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं. तिचे वडील गेल्यावर याच काकांनी तिला आणि दादाला टेबलाशी बसवून सुई धरायला शिकवलं होतं. पोलीस आले, दगड मारणाऱ्यांना सोडून त्यांनी काकांनाच 'चौकशीसाठी' नेलं. धाकटीने दादाकडे पाहिलं. तो कागद कापत राहिला.

दोन दिवसांनी शाळेतल्या बाई दुकानात आल्या. दादा बाहेर गेला होता.

"चहा सांडला गं. नेमकं तेच पान निघालं. चिकटवून देतेस? पूल पडल्यावर प्रचारकाने सगळ्यांची पुस्तकं गोळा करून मोफत नवी बांधणी करून दिली, त्यातलंच आहे हे. तुमच्याच दुकानातलं."

धाकटीने पान हातात घेतलं आणि पुस्तकाची शिवण उघडून पाहिली. शिवलेल्या पुस्तकात कागद मधोमध दुमडलेला असतो. एक पान सुटलं की त्याचं जोडपान, म्हणजे त्याच कागदाचा दुसरा अर्धा भाग, हलतंच. इथे जोडपान घट्ट होतं. दोऱ्याजवळ कापलेल्या पानाची बोटभर पट्टी उरली होती आणि तिच्यावर खळ लावून हे पान डकवलेलं होतं.

"बाई, हे पान मागाहून घातलंय."

"मग आधीचं कुठे गेलं?"

तिला आठवलं. त्या नव्या बांधणीच्या वेळी पुठ्ठ्याच्या पाठीला आतून लावायला दादाने तिला रद्दीच्या पट्ट्या दिल्या होत्या. तिने बाईंच्या पुस्तकाची पाठ सोलली. चार पट्ट्या निघाल्या, त्या बाईंनी जुळवल्या आणि वाचल्या: 'दहाव्या वर्षी दुष्काळ पडेल. सारं धान्य ज्यू दडवतील.'

"यंदा तर कोठारं भरून वाहतायत," बाई हळूच म्हणाल्या.

दादा परत आला तेव्हा पट्ट्या टेबलावरच होत्या.

"प्रचारक म्हणाले, छपाईची चूक आहे," तो म्हणाला.

"आणि तुला पटलं?"

त्याने पट्ट्या उलट्या करून ठेवल्या. "नाही."

"काकांनी शिकवलेल्या हातांनी केलंस, दादा?"

"मी पान चिकटवलं. दगड नाही मारला."

त्यापेक्षा त्याने आपल्यावर हात उगारला असता तर बरं, असं तिला वाटलं. रद्दीला खळ लावणारे तिचे स्वतःचे हातही तिला नकोसे झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बादली आणि फडकी घेऊन चौकात गेली; तिथे प्रचारकाची सभा पुन्हा भरली होती, पुस्तकं घेऊन. "दोनशे चौदावर ओलं फडकं ठेवा. मग दोनशे पंधरावर ठेवा. कुठलं निघतं बघा."

"ज्यूंनी विकत घेतलीय हिला!" प्रचारक किंचाळला.

पण न्हाव्याने फडकं ठेवलंच. दोनशे चौदा अलगद त्याच्या हातात आलं, दोनशे पंधरा जागचं हललं नाही. मग शेजारच्याच्या, मग त्याच्या शेजारच्याच्या. मागून एक गवंडी म्हणाला, "पुलाच्या खांबाला तडा होता. मी तीनदा सांगून आलो. कोणी ऐकलं नाही." प्रचारक ओट्यावरून कधी उतरला ते कळलंच नाही. काही जणांनी मात्र पुस्तक काखेत घट्ट दाबलं आणि घरची वाट धरली.

"एक पान खोटं निघालं," न्हावी अडखळत म्हणाला. "पण बाकीचं पुस्तक?"

"बाकीचं शिवलेलं आहे, म्हणून खरं होत नाही," धाकटी म्हणाली. "कालपासून वाचतेय. चाळिसाव्या पानावर ज्यू सगळ्या बँकांचे मालक, नव्वदाव्यावर तेच बँका बुडवायला निघालेले. कुठे भित्रे, कुठे साऱ्या जगाला नाचवणारे. अख्ख्या पुस्तकात एका गुन्ह्याला तारीख नाही, साक्षीदार नाही. पूल पडला तर खांब तपासायचा की शेजाऱ्याचा धर्म? काकांनी काही वाईट केलेलं कोणी डोळ्यांनी पाहिलंय? पाहिलं असेल तर आत्ता सांगा. नसेल तर काकांना डांबलंय त्या चौकीवर चला आणि तेवढंच सांगा, की आम्ही काही पाहिलेलं नाही."

मग बाई पुढे झाल्या. गवंडी निघाला. न्हावी मान खाली घालून मागोमाग आला. अकरा माणसं झाली.

चौकीच्या पायरीवर पोहोचल्यावर धाकटीने वळून पाहिलं. दादा त्यांच्यात नव्हता.