तळ्याकाठचं हैदराबाद

जयानं हैदराबाद कधी पाहिलं नव्हतं. मुंबईही नाही. चंद्रपूरच्या पुढं ती एकदाच गेली होती, नागपूरला, वारलूमामाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. तिथं तिनं काय पाहिलं, तर दवाखान्याचं आवार आणि बसस्टँड. पण शहर बनवण्यात तिचा हात धरणारं चंद्रपुरात कोणी नव्हतं.

बिरजूभाऊंच्या डिजिटल स्टुडिओत ती कॉम्प्युटरवर बसायची. लग्नाच्या अल्बमातले नवरा-नवरी उंच इमारतींपुढं उभे करायचे, झाडीपट्टीतल्या नाटकमंडळींना फ्लेक्सच्या पडद्यावर रात्रीची मुंबई करून द्यायची, असली कामं. बाकीचे स्टुडिओवाले कॅलेंडरवरचं चित्र उचलून चिकटवत, आणि ते चिकटवलेलंच दिसे. जया शहर रचायची. ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांचे फोटो काढून आणायची आणि त्यांच्या खिडक्या एकावर एक चढवत वीस मजले उभे करायची. सगळ्या खिडक्यांत दिवे लावायची नाही. एखादीत अंधार, एखादीत अर्धा ओढलेला पडदा, कुठं गॅलरीत वाळत घातलेली चादर. दूरच्या इमारती फिकट, धुरकट करायची. वीजकेंद्राच्या गावात धूर कसा दिसतो हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. शहराच्या पायथ्याशी पाणी हवं असलं की ते चिमूरजवळच्या तिच्या गावच्या तळ्याचं असे. दुकानाचा कॅमेरा नेऊन तिनं ते एका संध्याकाळी टिपून ठेवलं होतं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात प्रणित दुकानात आला. गडचिरोलीकडचा, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं लोण्यासारखं. जयाला 'मॅडम' म्हणणारा तो पहिलाच माणूस. हैदराबादेत शिवणकामाची कंपनी निघते आहे, गावोगावच्या पोरींना काम द्यायचं आहे, त्यांच्या होस्टेलचा फोटो हवा, असं त्यानं सांगितलं.

"बिल्डिंगचा फोटो द्या ना मंग," जया म्हणाली.

"बिल्डिंग बांधून राह्यले अजून. झाली की अशीच दिसन. पोरींच्या मायबापाले आधी काईतरी दाखवा लागते ना, मॅडम."

जयाला त्यात वावगं वाटलं नाही. बिल्डर लोक रिकाम्या प्लॉटवर रंगीत इमारतीचा बोर्ड लावतातच की. प्रणित रोज येऊन तिच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसे आणि सांगे, इथं गॅलरी घ्या, इथं पोरी हसत उभ्या करा, गेटवर चौकीदार पाहिजे, मायबाप चौकीदार आधी पाहतात. ती तसं करत गेली. तलावाकाठी चार मजली स्वच्छ इमारत, मागं सांजेच्या उजेडात उभं अख्खं शहर, पाण्यात त्याचं हलकं थरथरतं प्रतिबिंब. पूर्ण झालं तेव्हा बिरजूभाऊ खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि वाकून एकेक खिडकी पाहू लागले. आजवर केलेल्यात हे सगळ्यात चांगलं झालंय, हे जयालाही कळलं. प्रणितनं त्याची पोस्टकार्डाएवढी गठ्ठाभर कार्डं छापून नेली.

पुढं पाऊसपाणी सुरू झाल्यावर एक दिवस दुकानापुढं टेम्पो थांबला आणि त्यातून मयुरी उडी मारून उतरली. मयुरी म्हणजे वारलूमामाची एकुलती एक लेक; जयाला थोरली बहीण मानून 'बाई' म्हणायची. मामा तळ्यात जाळं टाकणारा माणूस, मामी गुणाबाई मासळी घेऊन गावोगावच्या बाजारात बसायची. मयुरीनं नवा ड्रेस घातला होता आणि तिच्या हातात कार्ड होतं.

"बाई, पाय! मी इथी राहीन." तिनं तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं. "हे माही खोली."

जयानं तिचं मनगट धरलं. "मयुरी, हे खरं नोहे. हे म्या बनवलं. या कॉम्प्युटरवर."

मयुरी खदखदून हसली. "तू? तुनं हैदराबाद पाह्यलं तरी हाय काय वो?"

"खिडक्या ऊर्जानगरच्या हायेत. पाणी आपल्या तळ्याचं हाय."

"काईच्या काई नको सांगू बाई. आपल्या तळ्यात शेवाळ हाय नुसतं. असं पाणी आपल्या इकडं कुठी हाय?"

प्रणित टेम्पोतूनच हसला. "मॅडमनं फोटो जरा साफ करून देल्ला. बिल्डिंग तेच हाय."

जयानं त्याच्याकडं पाहिलं. बिल्डिंग अजून बांधायची आहे म्हणाला होतास ना, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण टेम्पोतल्या पोरी हाका मारत होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मयुरीचे डोळे नुसते लखलखत होते. शिवाय मनातल्या भीतीच्या आतच कुठंतरी जयाला बरंही वाटत होतं, की आपलं चित्र इतकं खरं उतरलं की घरच्या माणसालाही ओळखू आलं नाही. तिनं दुकानाचा फोन नंबर मयुरीच्या तळहातावर लिहिला. "पोचली की लगेच फोन कर," म्हणाली. टेम्पो बल्लारशाच्या रस्त्यानं निघून गेला.

फोन आला नाही. पोळा झाला, नवरात्र बसलं. प्रणितचा मोबाइल बंद. वारलूमामानं तक्रार दिली तर उत्तर मिळालं की पोरगी सज्ञान आहे, आपल्या मर्जीनं गेली, चौकशी करू. दसरा झाल्यावर मामा पिशवी घेऊन दुकानात आला.

"मी जातो हैदराबादले," तो म्हणाला. "तिनं आईपाशी एक फोटो ठेवला होता. एवढी मोठी बिल्डिंग, कुठीतरी असनच ना."

"मामा, तशी बिल्डिंगच नाई. थे चित्र हाय. म्या काढलं."

मामानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. कार्ड त्यानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवलं होतं, ते वरून चाचपलं आणि गाडी किती वाजता आहे म्हणून विचारलं. त्याला एकट्याला सोडणं जयाच्यानं होईना. ती सोबत गेली.

स्टेशनाबाहेर पडताच मामानं पहिल्या ऑटोवाल्यापुढं कार्ड धरलं. जयाला वाटलं, हा मान हलवेल, तो हलवेल, आणि दुपारपर्यंत मामा थकून परत फिरेल. पण ऑटोवाल्यानं कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाला, "हौ, देखे सो है. तलाब के बाजू में है ये."

मामाचं तोंड उजळलं. ऑटोवाल्यानं त्यांना एका काचेच्या इमारतीपुढं नेऊन सोडलं. तिथल्या चौकीदारानं कार्ड पाहिलं आणि हीच नव्हे, पण अशी एक पलीकडच्या नव्या वस्तीत आहे, म्हणून पत्ता सांगितला. तिथल्या पानवाल्यानं छातीठोकपणे तिसरीकडं पाठवलं. कोणी खोटं बोलत नव्हतं. ज्याला त्याला ते चित्र पाहून कुठलीतरी पाहिलेली इमारत आठवत होती. मामा दर वेळी ताठ होऊन उतरायचा, मजले मोजायचा, तिसऱ्या मजल्याकडं पाहत "मयुरी!" म्हणून हाक मारायचा. रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

"मामा, हे नोहे," जया म्हणे.

"चूप राय."

दिवस कलला तेव्हा ते खरोखरच एका मोठ्या तलावाच्या काठी येऊन पोचले. पाण्यापलीकडं इमारतींची रांग होती, एकेक दिवा लागत होता. मामा कठड्याला टेकून कार्डावरची आणि समोरची एकेक इमारत पडताळू लागला. जयानं त्याच्या हातातून कार्ड घेतलं.

"मामा, इमारती नको पाहू. खालतं पाणी पाय. या कोपऱ्यात. हा खुंट पाय."

मामानं डोळे बारीक केले. पाण्यातून वर आलेलं एक काळं, वरून फुटलेलं लाकूड होतं तिथं. तळ्यावर मासेमारीचा डोंगा बांधायचा खुंट. त्याच्या बापानं रोवलेला. जयानं चित्रातून डोंगा पुसला होता आणि खुंट ठेवला होता, पाण्याला खोली यावी म्हणून.

मामानं त्याच्यावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "हा त आपला खुंट हाय," तो म्हणाला. मग समोरच्या इमारतींकडं पाहून म्हणाला, "मंग मी सकाळपासून काय धुंडून राह्यलो वो, जया?"

जयानं कार्ड त्याच्या खिशात ठेवलं. ती त्याला धरून स्टेशनावर घेऊन आली.

चंद्रपूरला आल्यावर जया घरी न जाता दुकानात गेली आणि कॉम्प्युटर लावून प्रणितचा चेहरा रंगवायला बसली. तो नेहमी तिच्या डाव्या हाताला बसलेला, म्हणून त्याच्या चेहऱ्याची एकच बाजू तिला नीट आठवत होती. कानाची पाळी, कानाखालचा तीळ, हसताना गालावर पडणारी घडी. दुसरी बाजू तिनं पहिलीवरून उलटी करून बसवली, मग ती खोटी वाटली म्हणून थोडी बिघडवली. काम झालं तेव्हा बिरजूभाऊ म्हणाले, "हाच हाय तो हरामखोर," आणि स्वतः प्रिंट काढत बसले. ती पत्रकं घेऊन वारलूमामा प्रत्येक बसस्टँडवर हिंडला. चिमूर, मूल, गडचिरोली, बल्लारशा.

बल्लारशाच्या एका चहावाल्यानं पत्रकातला चेहरा ओळखला. प्रणित आणखी पोरी न्यायच्या तयारीनं तिथल्या लॉजवर उतरला होता. लोकांनीच धरून पोलिसांच्या हवाली केला. दोन तडाखे बसल्यावर त्यानं जागा सांगितली. हैदराबाद नव्हतंच ते. पार समुद्राकाठी, कोळंबी सोलायची शेड. पोलिसांसोबत मामा गेला आणि पोरींना घेऊन आला. त्यांच्यात मयुरी नव्हती.

सुकरी नावाची एक पोरगी होती त्यांच्यात, मयुरीच्या शेजारी झोपणारी. जया तिला भेटायला गेली. सुकरीच्या बोटांची सालटी निघाली होती, ती हात पदराखाली लपवून बोलत होती.

"बर्फात हात घालून राहा लागे दिवसभर," ती म्हणाली. "कोळंबीचा काटा लागे. मयुरीचा हात सुजला, मंग कोपरापावतर काळा पडला. ताप चढला. आमी लय ओरडलो, पण भायेरून कुलूप होतं."

जयानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमचा थो बिल्डिंगवाला फोटो तिनं भिंतीले लावला होता, बाई. आमी रडलो की थे सांगे, हे शेड थोड्या दिवसाची हाय. बिल्डिंग बांधून राह्यले. झाली की आपल्याले तिथी नेतीन." सुकरीनं हात पदरात आणखी आत ओढले. "एक पोरगी म्हणे, हा फोटोच खोटा हाय. त मयुरी चिडली. म्हणे, हा फोटो माह्या जयाबाईनं बनवला. तिनं स्वताच्या तोंडानं सांगतलं मले. बाई खोटं काहाले बनवन?"

जया उठली. अंगणातून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. सुकरीची माय तांब्याभर पाणी घेऊन आली, ते तिनं घेतलं.

मयुरीला तिकडंच पुरलं होतं. कुठं, ते कोणालाच धड सांगता येईना. गावी मामानं तिच्या नावानं दिवस घातले तेव्हा जया गेली. मामा ओट्यावर बसून होता, तिला पाहून त्यानं नुसती मान हलवली. आत पाटावर हार घातलेला मयुरीचा फोटो ठेवला होता. शाळेच्या ग्रुप फोटोतून तिचं तोंड तेवढं काढून चिमूरच्या स्टुडिओवाल्यानं मोठं करून दिलं होतं. मागं त्यानं बर्फाचे डोंगर टाकले होते, खाली हिरवळ, पिवळी फुलं.

गुणाबाई जयाच्या बाजूला येऊन उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"फोटो तुलेच कराले सांगनार होतो," ती म्हणाली, "पण तुह्या मामानं चिमूरलेच करून आणला." तिनं पदराच्या टोकानं फोटोची काच पुसली. "चांगला आला ना, जया?"

मयुरीच्या तोंडावर उजेड डावीकडून पडला होता आणि डोंगरांवर उजवीकडून. मानेपाशी कात्रीची रेघ तशीच राहिली होती.

"चांगला आला, मामी," जया म्हणाली, आणि आत बायका भाजी चिरत बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसली.